किराणा दुकानामागची शाळा

अ‍ॅलिस वाईन यांना वाचता येत नव्हतं, पण राज्यघटनेतला उतारा त्यांना तोंडपाठ होता. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात १९५०च्या दशकात मतदार यादीत नाव घालायचं, तर नोंदणी कचेरीत जाऊन राज्याच्या घटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. वाईनबाई कृष्णवर्णीय, जॉन्स आयलंड नावाच्या बेटावर राहणाऱ्या. त्यांनी तो उतारा दुसऱ्यांकडून वाचून घेतला, ऐकून ऐकून पाठ केला आणि कचेरीत म्हणून दाखवला. नोंदणी झाली. काम फत्ते, असं कुणीही म्हटलं असतं. पण बाईंचं समाधान होईना. आपण वाचल्यासारखं केलं, वाचलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता त्यांना खरोखरचं वाचायला शिकायचं होतं, आणि शाळेत जायचं वय तर कधीच उलटून गेलं होतं.

या मागणीतून पुढे ‘नागरिकत्व शाळा’ उभ्या राहिल्या. १९५७ ते १९७० या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात अशा शेकडो शाळा चालल्या. कुठे चर्चमध्ये, कुठे कुणाच्या स्वयंपाकघरात, कुठे ब्यूटी पार्लरमध्ये. नागरी हक्कांच्या चळवळीतलं मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. या शाळा मात्र फारशा कुणाच्या कानावर नाहीत. त्या समजून घ्यायच्या तर तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : दक्षिणेतल्या खेड्यांची गोष्ट सांगण्याची रीत, तिथली ख्रिस्ती श्रद्धा, आणि पिकल्या केसांनी पाटी हातात घ्यायची तयारी. माझं म्हणणं एवढंच की या शाळांनी अक्षरं शिकवली, पण चारचौघांत उभं राहून बोलायला चर्चने आधीच शिकवलं होतं. अक्षरं त्या बोलण्यावर बेतली, म्हणून ती टिकली.

बंदी नेमकी कशावर होती?

गुलामांना लिहा-वाचायला बंदी होती, हे आपण ढोबळपणे ऐकलेलं असतं. तपशील जास्त बोलका आहे. साउथ कॅरोलायनात १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांचा उठाव झाला आणि पुढच्याच वर्षी कायदा आला : गुलामाला लिहायला शिकवाल तर १०० पौंड दंड. बंदी लिहिण्यावर होती, वाचण्यावर नव्हती. गुलामाला मळ्याबाहेर जायचं तर मालकाची चिठ्ठी लागे, आणि ज्याला लिहिता येतं तो चिठ्ठी स्वतःच लिहू शकतो, ही भीती. वाचण्याचं तसं नव्हतं. धर्मप्रसारकांना वाटे की गुलामांनी बायबल वाचावं, त्यामुळे तेवढी फट राहिली. १८३४ मध्ये तीही बुजवली; वाचायला शिकवणंही गुन्हा ठरलं. बायबल वाचणारा माणूस इजिप्तमधल्या गुलामांना मोशेने कसं सोडवलं, हेही वाचतो, हे एव्हाना मालकांच्या ध्यानात आलं असावं.

गुलामगिरी संपली तेव्हा म्हाताऱ्या माणसांची शिकण्याची सगळ्यात मोठी ओढ होती ती मरण्याआधी बायबल स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची. साउथ कॅरोलायनातल्याच सेंट हेलेना बेटावर तर अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) संपायच्याही आधी, १८६२ मध्ये, पेन स्कूल सुरू झालं आणि त्याचे वर्ग काही काळ विटांच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये भरत. अशा बऱ्याच शाळांमागे अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही संस्था होती. अहिल्यानगरच्या वाचकांना इथे ‘अमेरिकन मराठी मिशन’ आठवेल. ती अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची, म्हणजे असोसिएशनच्याच काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाची. पण दोघांत भांडण होतं. अमेरिकन बोर्ड गुलामगिरीविरुद्ध ठाम बोलत नाही, गुलाम बाळगणाऱ्यांना दूर ठेवत नाही, म्हणून चिडलेल्या लोकांनी १८४६ मध्ये ही वेगळी असोसिएशन काढली. मराठी मुलखात मुलींच्या शाळा काढणारं मिशन आपल्याच देशातल्या गुलामांबद्दल तोंड आवरून होतं, हे आपल्याकडच्या मिशनच्या इतिहासात क्वचितच कुणी लिहितं.

युद्धानंतरचा मोकळेपणा फार टिकला नाही. १८९५ ची राज्यघटना आली आणि मतदानासाठी अट लागली : घटनेतलं कुठलंही कलम वाचता-लिहिता यायला हवं, नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता हवी. वरवर पाहता ही अट गोऱ्या-काळ्या सगळ्यांना सारखीच. पण उतारा कोणता द्यायचा आणि नीट वाचला की नाही हे ठरवायचं ते कचेरीतल्या गोऱ्या कारकुनाने. आधी सव्वाशे वर्षं शिकू द्यायचं नाही, मग शिकलेला नाही म्हणून मत द्यायचं नाही, असा तो हिशेब होता.

पाटीआधीची शाळा

जॉन्स आयलंड हे चार्ल्सटन शहराजवळच्या सी आयलंड्सपैकी एक. इथले कृष्णवर्णीय लोक गुल्ला म्हणून ओळखले जातात. त्यांच्या बोलीत इंग्रजी आणि आफ्रिकी भाषा एकमेकींत मुरल्या आहेत. (नवा करार या बोलीत छापला गेला तो थेट २००५ मध्ये.) पूल होण्याआधी ही बेटं मुख्य भूमीपासून तुटलेलीच असत, त्यामुळे जुन्या रीती इथे जास्त टिकल्या. धूर्त सशाच्या गोष्टी, ज्यात अंगाने लहान असलेला ससा लांडग्याला नि कोल्ह्याला बनवतो, इथल्या आज्यांच्या तोंडी असत. हसण्यावारी सांगितलेल्या या गोष्टींत ससा कोण आणि लांडगा कोण, हे ऐकणाऱ्या पोरालाही कळे.

पण गोष्ट सांगण्याचं मुख्य ठिकाण म्हणजे प्रेझ हाऊस : लाकडी, छोटं, बाकांचं प्रार्थनाघर. जॉन्स आयलंडवरचं ‘मूव्हिंग स्टार हॉल’ १९१७च्या सुमारास बांधलं. रविवारी सकाळी लोक आपापल्या चर्चमध्ये जात, कुणी मेथडिस्ट, कुणी बॅप्टिस्ट, कुणी प्रेस्बिटेरियन, आणि प्रार्थनेसाठी इथे एकत्र जमत. हीच जागा मदत मंडळाचीही होती. कुणी आजारी पडलं तर शेजारी पाळीने जाऊन बसत, कुणी गेलं तर मातीचा खर्च मंडळ उचलत असे.

इथे न वाचताच वाचनाचं काम चालवायच्या युक्त्या होत्या. स्तोत्र म्हणायचं आहे, पुस्तकं नाहीत, असली तरी वाचणार कोण? मग एकजण दोन ओळी म्हणून देतो, सगळे त्या लांबवत, हेलकावत गातात. मग पुढच्या दोन ओळी. ही रीत सतराव्या शतकातल्या इंग्लंडची. तिथेही देवळात अर्धे लोक निरक्षर, म्हणून ती निघाली होती. अटलांटिक ओलांडून ती दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये आली आणि तिथे तिचं रूप पालटलं. आयझॅक वॉट्स या इंग्रज धर्मोपदेशकाची अठराव्या शतकातली स्तोत्रं या लोकांनी अशी काही आपलीशी केली की या गाण्याच्या पद्धतीलाच ‘डॉक्टर वॉट्स’ म्हणू लागले.

उपदेशाचंही तसंच. उपदेशक सुरुवातीला हळू, साधं बोलतो. बायबलमधली एखादी गोष्ट घेतो, सिंहांच्या गुहेतला दानिएल म्हणा किंवा माशाच्या पोटातला योना. मग वाक्यं आखूड होत जातात, एकेक ओळ पुन्हा पुन्हा येते, बोलणं चालीवर चढतं, आणि बाकावरचे लोक ‘आमेन’, ‘सांगा, सांगा’ म्हणत मधल्या जागा भरतात. आपल्याकडे कीर्तनकाराचं निरूपण रंगात आलं की टाळकरी जसे त्याला उचलून धरतात, तसंच काहीसं. ऐकणारा इथे गप्प बसायला आलेला नसतो, कार्यक्रमाचा अर्धा भार त्याच्यावर असतो.

तिसरी रीत सगळ्यात महत्त्वाची : साक्ष. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही ती आहे. कुणीही उठायचं, धुणं धुणारी बाई असो की शेतमजूर, आणि आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगायचं. आधी मी कशी होते, मग काय संकट आलं, देवाने कसं तारलं, आता मी कुठे उभी आहे. दर आठवड्याला हे ऐकत वाढलेल्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. आपल्या आयुष्यात सांगण्यासारखं काही आहे, ही एक. आणि ते चारचौघांत कसं सांगायचं, ही दुसरी. शहरातले शिक्षणतज्ज्ञ अशा माणसाला निरक्षर म्हणून कोरी पाटी समजत. ती पाटी भरलेली होती, फक्त अक्षरांनी नव्हे.

ड्रायक्लीनिंगच्या पिशव्या

हे नीट ओळखणारी शिक्षिका म्हणजे सेप्टिमा क्लार्क. जन्म १८९८, चार्ल्सटन. शहराच्या सरकारी शाळांत तेव्हा कृष्णवर्णीय शिक्षक घेत नसत, म्हणून १९१६ मध्ये, अठराव्या वर्षी, त्या जॉन्स आयलंडवर शिकवायला गेल्या. शाळेत १३२ मुलं आणि शिक्षिका दोन. जवळच्याच गोऱ्यांच्या शाळेत मुलं तीन, आणि तिथल्या शिक्षिकेचा पगार या दोघींच्या एकत्रित पगाराहून जास्त.

पुस्तकं नाहीत, फळा धड नाही. क्लार्कबाईंनी ड्रायक्लीनिंगच्या कागदी पिशव्या घेतल्या आणि त्यांवर धडे लिहिले. धडे कसले? मुलं शाळेला येतात त्या वाटेचे, वाटेवर काय उगवतं त्याचे, आकाशात काय दिसतं त्याचे. मुलांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी कागदावर आल्या आणि मुलं त्या वाचू लागली. रात्री मोठी माणसंही शिकायला येत. चाळीस वर्षांनी याच कल्पनेतून नागरिकत्व शाळा निघाल्या. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ही पद्धत पुढे भारदस्त नावाने आली. बाईंकडे ती कागद नव्हते म्हणून आली होती.

१९५६ मध्ये राज्याने कायदा केला की कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचा सभासद सरकारी नोकरीत राहू शकत नाही. क्लार्कबाईंनी सभासदत्व सोडायला नकार दिला. नोकरी गेली, पेन्शनही गेली. त्या टेनेसी राज्यातल्या माँटइगल इथल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये पूर्ण वेळ कामाला लागल्या.

हायलँडरची कथा थोडक्यात. माइल्स हॉर्टन हा टेनेसीच्या खेड्यातला, प्रेस्बिटेरियन घरातला तरुण न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकला आणि १९३१ मध्ये डेन्मार्कला गेला. तिथे ग्रुंटविग या ल्युथरन पाळकाच्या विचारांतून निघालेल्या लोकशाळा होत्या. पहिली १८४४ ची. शेतकऱ्यांच्या तरण्याताठ्या मुलांनी हिवाळ्यात येऊन राहायचं, परीक्षा नाही, पदवी नाही, पाठांतर नाही. ग्रुंटविगचा भर होता तोंडच्या शब्दावर : इतिहास, पुराणकथा, गाणी, गप्पा. हॉर्टनने परत येऊन १९३२ मध्ये डोंगरात आपली शाळा काढली. गोरे आणि कृष्णवर्णीय तिथे एका टेबलावर जेवत, जे टेनेसीच्या कायद्यात बसत नव्हतं. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात इथल्या शिबिराला येऊन गेल्या आणि त्याच डिसेंबरात माँटगमरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला त्यांनी नकार दिला. त्या दमून बसल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, ही जी गोष्ट मुलांना सांगतात ती मला कधीच पटली नाही; तयारी करून बसलेली बाई होती ती.

सात जानेवारी

आता परत जॉन्स आयलंड. अ‍ॅलिस वाईन यांनी आपली मागणी ज्यांच्याकडे केली, ते ईसॉ जेंकिन्स हे बेटावरचे शेतकरी. लहानपणी शाळा चौथीतच सुटली. पुढे चार्ल्सटनच्या बाजारात भाजी विकताना व्यापारी ग्रीक आहेत हे पाहून हा गडी ग्रीक भाषा शिकला! जेंकिन्स बेटावरून शहरात बस चालवत. बसमध्ये गोदी कामगार, तंबाखू कारखान्यातल्या बाया, घरकाम करणाऱ्या बाया. जाता-येता ते त्यांना राज्यघटनेतले उतारे समजावून सांगत. वाईनबाई या बसमधल्याच प्रवासी.

१९५४ मध्ये क्लार्कबाईंनी जेंकिन्सना हायलँडरला नेलं. तिथे प्रत्येकाला विचारत, तुझ्या गावाची अडचण काय? जेंकिन्सचं उत्तर सरळ होतं : माझ्या लोकांना वाचायला शिकवा, म्हणजे ते मत देतील. मग जागा शोधायला लागले. शाळेच्या मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं, चर्चच्या केंद्रानेही नाही म्हटलं. दोघांनाही भीती होती. श्रद्धेचं एवढं कौतुक केल्यावर हेही सांगायला हवं : संस्था म्हणून चर्च बऱ्याचदा कच खात असे, धीर दाखवीत ती त्याच चर्चमधली माणसं.

शेवटी हायलँडरकडून १५०० डॉलर उसने घेऊन जेंकिन्स आणि मंडळींच्या ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ने एक जुनी शाळाच विकत घेतली. पुढच्या बाजूला किराणा दुकान घातलं. दुकानाच्या नफ्यातून कर्ज फिटणार होतं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्यांना ते फक्त दुकान दिसणार होतं. मागच्या दोन खोल्यांत वर्ग. खोल्यांना खिडक्या नव्हत्या, कुणी डोकावायला नको म्हणून.

शिकवायला कोण? मुद्दाम शिक्षक घ्यायचा नाही असं ठरलं. पेशाने शिक्षक असलेला माणूस मोठ्यांनाही पोरांसारखं वागवतो आणि पदोपदी चुका काढतो, हा अनुभव होता. निवड झाली बर्निस रॉबिन्सन यांची. क्लार्कबाईंच्या नात्यातल्या, शिवणकाम येणाऱ्या, चार्ल्सटनमध्ये स्वतःचं ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या. पार्लर का महत्त्वाचं? गिऱ्हाइकं सगळी कृष्णवर्णीय, त्यामुळे कुणी गोरा मालक नोकरीवरून काढील ही भीती नाही. चळवळीत न्हावी, केशभूषा करणाऱ्या बाया, मातीला माणसं नेणारे धंदेवाले आणि पाळक एवढे का दिसतात, याचं उत्तर यातच आहे. ज्याची भाकरी गोऱ्याच्या हाती नाही, तो बोलू शकतो.

७ जानेवारी १९५७. शेतात काम कमी असण्याचे दिवस. १४ जण आले. रॉबिन्सनबाईंनी शिक्षिका असलेल्या नातेवाइकांकडून पहिली-दुसरीची पुस्तकं आणली होती. ती उघडली आणि लगेच बाजूला ठेवली. दिवसभर शेतात राबून आलेल्या आजोबांपुढे चिमण्या-मांजरांची पुस्तकं ठेवायची? त्याऐवजी त्यांनी विचारलं : तुम्हाला काय शिकायचं आहे? उत्तरं अगदी रोजच्या गरजेची होती. सही करता यायला हवी, फुलीवर किती दिवस काढायचे. पोरगा दूरगावी आहे, त्याचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायला नको. मनीऑर्डरचा फॉर्म भरता यावा. कॅटलॉगमधून वस्तू मागवता याव्या. बायबल वाचता यावं. आणि मतदार नोंदणी.

मग पद्धत अशी बसली. रॉबिन्सनबाई म्हणत, आज दिवसभर काय केलंत ते सांगा. कुणी शेतातलं सांगे, कुणी घरातलं. बाई ते सांगितलं तसं लिहून घेत. मग लिहिलेलं सगळ्यांनी मिळून वाचायचं. ज्या शब्दावर जीभ अडखळेल तो बाजूला काढून त्याचं स्पेलिंग. गणित दुकानाच्या जाहिरातींवरून. सहीसाठी नाव पुठ्ठ्यावर लिहून द्यायचं आणि त्यावरून पेन्सिल फिरवत राहायचं, हाताला वळण लागेपर्यंत. वर्ग आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास, दोन-तीन महिने.

ही पद्धत का चालते, ते जरा थांबून पाहू. नवं वाचणाऱ्यापुढे दोन कामं एकदम येतात : अक्षरं ओळखायची आणि अर्थ लावायचा. अनोळखी मजकूर असला की दोन्हींत धाप लागते आणि माणूस हात टेकतो. मजकूर त्याचाच असला, तर अर्थ आधीच माहीत असतो, वाक्य पुढे कुठे जाणार हे ठाऊक असतं, म्हणून सगळं लक्ष अक्षरांकडे देता येतं. म्हणजे अ‍ॅलिस वाईन यांनी कचेरीत जी पाठांतराची ताकद वापरली, तीच इथे कामाला लावली. फरक एवढाच की पाठ असलेल्या गोष्टीतून शब्द सुटा करायचा आणि तो दुसऱ्या वाक्यात, नोंदणीच्या अर्जात, घटनेच्या कलमात ओळखायचा. तो तिथे ओळखता आला की मग वाचन सुरू झालं. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे हे शिक्षणतज्ज्ञ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शेतमजुरांबरोबर अशाच वाटेने जात होते. हॉर्टन आणि ते निवांत बोलायला बसले ते १९८७ मध्ये.

एक प्रसंग रॉबिन्सनबाई पुढे आयुष्यभर सांगत. सगळ्यांची नावं फळ्यावर लिहिली होती आणि कुणाला आपलं नाव ओळखता येतं का, असं त्यांनी विचारलं. साठी ओलांडलेल्या एक आजी उठल्या, बाईंच्या हातातली छडी घेतली, फळ्यापाशी गेल्या आणि छडी टेकवत आपल्या नावाचं एकेक अक्षर म्हणू लागल्या. आधी पहिलं नाव, मग आडनाव. रॉबिन्सनबाईंच्या अंगावर काटा आला.

बेटाबाहेर

शेजारच्या एडिस्टो आणि वॉडमलॉ बेटांवरच्या लोकांनी आम्हालाही अशी शाळा हवी म्हटलं. मग नॉर्थ चार्ल्सटन. तिकडे टेनेसी सरकार हायलँडरच्या मागे लागलं. १९५९ च्या जुलैत पोलिसांनी धाड घातली आणि दारू बाळगल्याच्या आरोपावरून क्लार्कबाईंना पकडलं. बाई दारूला शिवतही नसत. १९६१ मध्ये शाळेचा परवाना रद्द होऊन मालमत्ता जप्त झाली. (हॉर्टनने नव्या नावाने संस्था पुन्हा उभी केली, ती आजही टेनेसीतच आहे.)

नागरिकत्व शाळांचं काम तोवर किंग यांच्या एससीएलसी या संघटनेकडे गेलं होतं. ही मुळात पाळकांचीच संघटना. प्रशिक्षणाची जागा जॉर्जियातलं डॉर्चेस्टर केंद्र, म्हणजे वर ज्या अमेरिकन मिशनरी असोसिएशनचा उल्लेख आला, तिने युद्धानंतर काढलेल्या शाळेचा परिसर. चालवणारे तिघे : क्लार्कबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग हा तरुण पाळक. दक्षिणेतल्या गावोगावहून बस भरून लोक येत, पाच दिवस राहत आणि आपल्या गावी जाऊन वर्ग काढत. अट एवढीच : मोठ्याने नीट वाचता यावं आणि फळ्यावर स्वच्छ लिहिता यावं. पदवी कुणी विचारत नसे. पाठ्यपुस्तकातली गणितंही वेगळी होती : धरणं धरताना १० विद्यार्थ्यांना अटक झाली, प्रत्येकी ७५ डॉलर दंड झाला, तर एकूण दंड किती?

सकाळ-संध्याकाळ गाणी असत, बहुतेक चर्चमधलीच, शब्द बदललेली. आपल्या शाळांत ‘हम होंगे कामयाब’ म्हणतात, त्याचं मूळ गाणं याच वाटेने आलं. १९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या सिगार कारखान्यातल्या संपकरी बायकांनी एक जुनं चर्चगीत संपात गायलं, तिथून ते हायलँडरला पोचलं, तिथून जगभर.

साक्ष आणि राजकारण एकमेकांत कसे मिसळले, हे पाहायचं तर फॅनी लू हेमर यांच्याकडे पाहावं. मिसिसिपीच्या रूलव्हिल गावात मळ्यावर काम करणाऱ्या. ऑगस्ट १९६२ मध्ये तिथल्या विल्यम्स चॅपल चर्चमध्ये सभा झाली. आपल्यालाही मत देता येतं, हे हेमरबाईंना वयाच्या ४४व्या वर्षी तिथे पहिल्यांदा कळलं. १८ जण बसने नोंदणीला गेले. बाईंना वाचता येत होतं, तरी कायद्यातलं एक किचकट कलम काढून त्याचा अर्थ विचारला गेला. घोड्याला नाताळबद्दल जितकं कळतं तितकंच मला त्यातलं कळत होतं, असं त्या पुढे सांगत. परतल्यावर मळ्याच्या मालकाने नाव मागे घे म्हणून बजावलं. त्यांनी सांगितलं, मी तुमच्यासाठी नाव घालायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. त्याच रात्री १८ वर्षांचं घर सुटलं.

पुढे त्याही नागरिकत्व शाळेच्या कामात आल्या. जून १९६३ मध्ये चार्ल्सटनच्या शिबिराहून परतताना विनोना इथे त्यांना पकडून तुरुंगात बेदम मारलं; त्याचं दुखणं जन्मभर राहिलं. ऑगस्ट १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, राज्यांचे प्रतिनिधी कोण हे ठरवणाऱ्या समितीपुढे त्या बोलायला बसल्या. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि बस, मळा, तुरुंग हे सगळं एकामागून एक, जसं घडलं तसं. भाषण म्हणावं असं त्यात काही नव्हतं. रविवारी बाकावरून उठून सांगतात, तसंच. टीव्हीवर ते थेट चालू होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद घेऊन कॅमेरे स्वतःकडे वळवले. रात्रीच्या बातम्यांत वाहिन्यांनी हेमरबाईंची साक्ष दाखवलीच.

याला किंमत होती. विल्यम्स चॅपलवर त्याच उन्हाळ्यात पेटते बॉम्ब टाकले गेले. आणि घरच्या घरातही तक्रारी होत्या. एससीएलसीच्या बैठकीत बाईमाणसाचं म्हणणं कुणी धड ऐकून घेत नाही, असं क्लार्कबाई उघड सांगत. एवढा मोठा कार्यक्रम त्यांच्या डोक्यातून निघालेला, पण संघटनेचा चेहरा म्हणून पुढे पाळक पुरुष. या शाळांना इतिहासात कोपरा मिळाला, याचं एक कारण मला तरी हेच वाटतं.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर सही झाली आणि दक्षिणेतल्या राज्यांतली वाचनाची अट उठली. ज्या परीक्षेसाठी शाळा काढल्या, ती परीक्षाच गेली. शाळा लगेच बंद झाल्या नाहीत. मतपत्रिका कशी वाचायची, शाळा मंडळावर कोण बसतं, त्याला जाब कसा विचारायचा, निवडणुकीला कसं उभं राहायचं, हे धडे पुढे चालू राहिले. अँड्र्यू यंग १९७२ मध्ये जॉर्जियातून अमेरिकेच्या संसदेत निवडून आले. क्लार्कबाई सत्तरी ओलांडल्यावर चार्ल्सटन काउंटीच्या शाळा मंडळाची निवडणूक लढल्या आणि जिंकल्या. ज्या राज्याने वीस वर्षांपूर्वी त्यांना काढलं होतं, त्याने १९७६ मध्ये त्यांची पेन्शन पुन्हा सुरू केली.